अधिक महिन्यातला रोजा

खाचरांत गुडघाभर चिखल झाला, रोपांच्या मुठी बांधावर येऊन पडल्या, आणि कालपासून ठकूबाई माझ्याकडे फिरकली नाही. म्हणजे आवणी लागली. पुण्याची माणसं हिला भातलावणी म्हणतात. आमच्या मुठा खोऱ्यात आवणी. आता पंधरा दिवस भांडी मीच घासायची आणि तक्रार करायची नाही, कारण ठकूबाईच्या दृष्टीनं जगात सध्या एकच काम चाललंय आणि ते माझ्या मोरीत नाही.

सकाळी पडवीत चहा घेऊन बसले होते. खाली वाकलेल्या बायकांची रांग मागं मागं सरकत होती, पुढं हिरव्या ओळी उमटत होत्या. डाव्या बरगडीखाली बारीकशी चुणचुण झाली. ढग उतरले की होते अजून. मी तिथं हात ठेवला आणि हसले. दोन पावसाळ्यांपूर्वी याच जागी बोट लागलं असतं तर किंचाळले असते. त्या पावसाळ्याचं मला काय काय आठवतं म्हणून सांगू. ओल्या कपड्यांचा कुबट वास, कौलांवर रात्रभर चाललेला पाऊस, ह्यांचं घोरणं, आणि छताची एक फळी, जिच्यावरच्या सगळ्या गाठी मला पाठ झाल्या होत्या.

गंमत बघा, आम्ही मुठ्याला आलो तेच मुळी झोपेसाठी. पुण्याजवळ सूसला आमचा फ्लॅट होता रस्त्याला लागून. पहाटेपर्यंत गाड्या. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झाले, हे बँकेतून सुटले, आणि आम्ही ठरवलं की आता उरलेलं आयुष्य गाढ झोपायचं. इथं दोन खोल्या आणि एक मोठी पडवी बांधली. पहिलं वर्ष अशी झोपले, अशी झोपले की हे म्हणायचे, रिव्का, श्वास चालू आहे ना तेवढं सांग. दुसऱ्या वर्षी ज्येष्ठात मला नागीण झाली.

नाव ऐकूनच लोक दोन पावलं मागं सरतात. बरगडीवर फोडांची माळ उठली, सुकली, खपल्या पडल्या. पण दुखणं गेलं नाही. पौडचे डॉक्टर घरी येऊन बघून गेले, सज्जन माणूस. म्हणाले, बाई, नस दुखावलीय. काहींचं महिन्यात थांबतं, काहींचं राहतं, मी खोटं सांगणार नाही. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी मी दिवसा पेंगायचे आणि रात्री टक्क जागी. ब्लाउजचं कापड सहन व्हायचं नाही म्हणून ह्यांचा जुना सैल सदरा घालून बसायचे. पंख्याचा वारासुद्धा विस्तवासारखा लागायचा. तासभर सलग डोळा लागला तर तो सण. असे पन्नासेक दिवस गेले आणि मला खरोखर भीती वाटायला लागली की माझं डोकं फिरणार. मला बाकी काही नको होतं. आरोग्य, दीर्घायुष्य, नातवंडं, सगळं ठेवा तुमच्याकडे. मला एक झोप हवी होती.

आणि माणसं. देवा रे, माणसं. आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांनी तोंडाला कुलूप लावून यावं असा एक कायदा पाहिजे. कुणी विचारलं, नागिणीची दोन तोंडं जुळली नाहीत ना, जुळली की माणूस जातो म्हणे. शेजारच्या बंगल्यात शनिवार-रविवार येणारा एक तरुण, नागपूरकडचा, कॉम्प्युटरवाला, मनानं फार चांगला. त्यानं मला फोनवर एक ॲप घालून दिलं. झोप येण्यासाठी त्यात पावसाचा आवाज होता. बाहेर आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं आणि हा पोरगा मला हेडफोन लावून पाऊस ऐकवत होता. त्या दिवसांत मी एकदाच हसले असेन, ती तेव्हा.

पण सगळ्यांवर कडी आमच्या दादाभाऊजींची. हे ह्यांचे थोरले बंधू, वय ऐंशीच्या पुढं, पुण्यात राहतात. आम्ही बेने इस्राएल. म्हणजे मराठी यहुदी. आमच्या पूर्वजांनी कोकणात पिढ्यानपिढ्या तेल गाळलं आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. इब्री शास्त्रांवर दादाभाऊजींचा अधिकार मोठा. रोज संध्याकाळी सात वाजता त्यांचा फोन. आणि रोज तेच. देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याची परीक्षा पाहतो. सहन कर. कुठं काही चुकलंय का बघ. एक दिवस म्हणाले, आपलं प्रार्थनामंदिर सोडून त्या डोंगरात जाऊन राहिलीस, शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा तरी वेळेवर लावतेस ना? मी हो म्हटलं आणि फोन ठेवून उशीत तोंड खुपसून रडले. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, हेच वाईट होतं. दुष्ट माणसाला शिव्या तरी घालता येतात.

रात्री वाचत बसायचे. दुसरं करणार काय. आमची जुनी शास्त्रं लहानपणापासून ऐकलेली, पण जागरणात वाचली तेव्हा ती मला निराळीच दिसली. तिथं कुणी धड झोपतच नाही हो. एक राजा रात्रभर रडून अंथरूण भिजवतो. एक जण नदीकाठी कुणा अनोळख्याशी पहाटेपर्यंत झुंजतो, मांडी निखळते, पण आशीर्वाद घेतल्याशिवाय सोडत नाही. होळीच्या सुमाराला आमचा एक सण येतो. त्याच्या गोष्टीत परदेशी बादशहाला एका रात्री झोप येत नाही, म्हणून तो दरबारची जुनी नोंदवही वाचून घेतो, आणि त्या एका जागरणापायी आमची अख्खी जमात कत्तलीतून वाचते. गुलामगिरीतून सुटलो त्या रात्री तर म्हणे खुद्द देव जागा होता, राखणीला. मी मनात म्हणायचे, वा, तेव्हा जागलास, आता माझ्या वेळी कुठं आहेस.

आणि मग तो माणूस. राखेत बसलेला, अंगभर फोड, हातात खापरीचा तुकडा, खाजवायला. सगळं गेलेलं. लवंडलं की रात्र लांबते आणि पहाटेपर्यंत कूस बदलत राहतो. मी शाळेत सहनशीलतेवर बोलताना त्याचा दाखला द्यायचे. आता वाचलं तेव्हा कळलं की मी तीस वर्षं मुलांना धादांत चुकीचं शिकवलं. तो माणूस मुळीच सहन करत नाही. तो भांडतो. जन्माच्या दिवसाला शिव्याशाप देतो, देवाला म्हणतो समोर ये आणि माझा गुन्हा सांग. त्याचे मित्र येतात, सात दिवस गप्प बसतात, तोवर उत्तम. मग तोंड उघडतात आणि पानंच्या पानं दादाभाऊजींसारखं बोलतात.

हे मी ठकूबाईला सांगितलं. ठकूबाई वरच्या वाडीतली, माझ्याच वयाची, पण पाय असे की मुळशीचे सगळे डोंगर तिच्या मालकीचे. पहिल्या आठवड्यात तिनं माझ्या बरगडीला गेरू लावला होता. तो लागू पडला नाही तेव्हा मान हलवून म्हणाली, न्हाई लागला. त्यावर आणखी काही सांगितलं नाही. काम संपलं की अर्धा तास माझ्याजवळ जमिनीवर बसायची, लसूण सोलायची किंवा नुसतीच बसायची. तिच्या त्या बसण्याचा मला फार आधार होता. त्या राखेतल्या माणसाची गोष्ट तिनं नीट ऐकली आणि विचारलं, भांडला मग देवाशी? भांडला, मी म्हटलं. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. आदल्या साली डुकरांनी तिचं पोटरीला आलेलं भात लोळवलं, तेव्हा ती बांधावरच्या देवापुढं जाऊन दुपारभर तोंड सोडून आली होती, नारळ न घेता. मी म्हटलं, आमच्यात असं बोलत नाहीत, ठकूबाई. देवाला बरं वाटत नाही.

"त्याला बरं वाटावं म्हून तुमी मरताव व्हय?" ती म्हणाली. "आपलं मानूस हाय तर त्याला नको बोलाया? परक्याफुडं गप ऱ्हायचं असतंय."

ती गेल्यावर मी दार लावलं आणि बोलले. मोठ्यानं, मराठीत, शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा त्या आवाजात. काय काय बोलले ते सांगत नाही. हे बाजारातून आले आणि दाराबाहेर छत्री मिटून अर्धा तास उभे राहिले, आत यायची हिंमत झाली नाही बिचाऱ्यांची. झोप त्या रात्रीही आली नाही. पण मी आडवी पडले ती घाबरलेली नव्हते, रागावलेली होते. राग बरा, भीतीपेक्षा.

आता माझ्या घोटाळ्याकडे येते. आमचा एक मोठा उपास असतो, दूरदेशीच्या आमच्या प्राचीन मंदिराच्या नाशाचं सुतक. जगभरचे यहुदी तो पाळतात, पण आम्ही मराठी म्हणून त्याला म्हणतो बिरड्याचा रोजा. कारण आदल्या संध्याकाळी मोड आलेल्या कडव्या वालांचं बिरडं खायचं आणि मग दुसऱ्या दिवशी अंधार पडून तारे दिसेपर्यंत पाणीसुद्धा नाही. जमिनीवर बसायचं, शोकाची वाचनं करायची, एकमेकांना सलामदुवा करायची नाही. त्या वर्षी दुपारचं मराठी वाचन, त्या राखेतल्या माणसाचं, दादाभाऊजींनी माझ्यावर सोपवलं होतं. त्यांचे डोळे अधू झालेले. नागिणीच्या आधी ठरलं होतं हे, आणि मला कोण आनंद झाला होता. मग आजारपणात मीच सांगितलं की मला पुण्याला येववणार नाही. ते म्हणाले, मग आम्ही येतो, तू जागा दे. मी हो म्हणून बसले.

तिथीचा हिशेब आमच्या घरी सोपा. आमचा महिना चंद्राचा, तुमचाही चंद्राचा. बहुतेक वर्षी श्रावण शुद्ध नवमी धरली की काम भागतं. माझे वडील तसंच करायचे, मीही भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला होता आणि निवांत होते. बुधवारी सकाळी दादाभाऊजींचा फोन आला की दुपारी चारला निघतोय, बारा जण आहोत, संध्याकाळी रोजा लागेल. मी म्हटलं, कसला रोजा, अजून महिना आहे की. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या वर्षी श्रावण दोन होते. आधीचा अधिक, आणि रोजा त्यातच पडत होता. आणि मी, अब्राहामाची लेक, जन्मभर शेजारपाजारी ऐकत आलेय की अधिकात सणवार धरत नाहीत, म्हणून डोळे मिटून पुढच्या श्रावणात गोल करून मोकळी झाले होते.

"देवाला तुमचा अधिक महिना माहीत नाही, रिव्का," दादाभाऊजी म्हणाले.

आमच्यातही अधिक महिना येतो, पण तो होळीच्या सुमाराला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पन्नास दिवस न झोपलेल्या बाईचं डोकं म्हणजे गळकी बादली. बारा माणसं जेवायला येणार, बिरड्याशिवाय रोजा लागत नाही, आणि वाल भिजवून मोड यायला दोन-तीन दिवस लागतात. घरात मूठभर वालसुद्धा नव्हता. ह्यांनी सुचवलं की मुगाचं करू. मी ज्या नजरेनं पाहिलं त्यानंतर ते पौडला पाव आणायला निघून गेले.

मी सदऱ्यावर शाल ओढली आणि पन्नास दिवसांत पहिल्यांदा घराबाहेर पडले. पाऊस चालू होता, शालीचा प्रत्येक धागा टोचत होता. खाचराच्या बांधावर जाऊन हाक मारली. ठकूबाई गुडघाभर चिखलातून वर आली. मी झाला प्रकार सांगितला आणि, काय लपवायचं, रडले. ती म्हणाली, वाल का? वाल हायेत की. तिच्या घरी दुसऱ्या दिवशी इर्जिक होती. आवणीला अख्खी वाडी एकमेकांच्या शेतात राबते आणि ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं. त्या जेवणासाठी तिनं पायलीभर वाल भिजवून फडक्यात बांधले होते. त्यांना बोटभर मोड आले होते. मी म्हटलं, मग तुझ्या माणसांना उद्या काय? ती म्हणाली, त्यांना पिठलं. त्यांचा कुटं रोजा हाय.

दुपारी माझ्या पडवीत पाच बायका बसल्या, लुगड्यांचे काठ चिखलानं जड, मधे कोमट पाण्याचं पातेलं. वाल चिमटीत दाबायचा, साल हातात राहते आणि पांढरीशुभ्र डाळिंबी टुणकन पाण्यात पडते. सोलता सोलता गावाच्या उखाळ्यापाखाळ्या चालल्या होत्या. एकीनं विचारलं, हे कशाचं सुतक? मी म्हटलं, देऊळ जळलं आमचं. ती हळहळली. कवा? मी म्हटलं, दोन हजार वर्षं झाली असतील. तिचा हात थांबला. दोन हजार वर्षं सुतक पाळणारी माणसं तिनं आधी पाहिली नव्हती. मग ती म्हणाली, लई जीव असंल तुमचा त्या देवळावर, आणि पुन्हा सोलायला लागली. साडेपाचला नारळाच्या दुधातलं बिरडं तयार होतं. मला आजवर कुठल्या परीक्षेत मिळाला नसेल एवढा आनंद त्या पातेल्याकडे पाहून झाला.

मंडळी आली, जेवली, अंधार पडला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. त्या रात्री कुणी मला कशी आहेस विचारलं नाही, कुणी उपाय सांगितला नाही. आमच्या धर्मातली ही एक गोष्ट मला त्या दिवशी अतिशय आवडली. जमिनीवर बसून शोकगीतं झाली, मग दोन खोल्यांत जमेल तशी माणसं लवंडली. मी नेहमीसारखी जागी. पण पहिल्यांदाच, घरात आणखी तीन-चार जण जागे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी वाचायला बसले. भिंतीला टेकून, समोर दादाभाऊजी, उपाशी, ओठ सुकलेले. आजारी म्हणून मला उपास माफ होता, गोळीपुरतं खाऊन झालं होतं. आधी आवाज कापत होता. मग त्या माणसाचं गाऱ्हाणं सुरू झालं आणि मला पुस्तकाकडे पाहायची गरज पडेना. ते मी दार लावून बोलले होते तेच होतं. लाज गेली, कापरं गेलं. बरगडी दुखत होती, तिला म्हटलं दुख. एका म्हाताऱ्या मावशीनं पदर डोळ्यांना लावला. पुढं मित्रांची भाषणं आली. मुलांना गोष्टी वाचून दाखवताना वेगवेगळे आवाज काढायची मला जन्माची खोड. माझ्या लक्षात येण्याआधीच तो मित्र दादाभाऊजींच्या आवाजात बोलायला लागला. तोच संथ सूर, वाक्याच्या शेवटी तोच खाकरा. सुतकाच्या दिवशी हसू नये, पण दोघांनी खोकल्याचं सोंग केलं. मी थांबले. दादाभाऊजी म्हणाले, वाच, तसंच वाच.

वाचलं. शेवटाला देव वादळातून बोलतो. त्या माणसाच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतच नाही, हेही मी लपवलं नाही. पण मग मित्रांकडे वळून सांगतो की तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत. हा बोलला. जा त्याच्याकडे, तो तुमच्यासाठी मागेल तर मी ऐकेन. मी पुस्तक मिटलं. दादाभाऊजींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता आणि ते माझ्याकडे पाहत होते, म्हणजे अधू डोळ्यांना दिसेल तेवढं. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. बोलणी ऐकायला मी डोकं भिंतीला टेकलं. पुढचं मला आठवत नाही.

मला आठवतं ते जाग आल्यावरचं. अंगावर कुणाचं तरी उपरणं. मान आखडलेली, तोंडाला कोरड, आणि सगळं अंग ओल्या मातीसारखं जड, सैल. कळायलाच वेळ लागला की हे झोपून उठल्यावर होतं. वीज गेलेली. मधोमध एक कंदील, आणि त्याच्याभोवती बाराच्या बारा माणसं जमिनीवर तशीच बसलेली. दारात ठकूबाई टेकलेली. तिच्या शेजारी झाकून ठेवलेला पाव, गार झालेला चहा. कुणी बोलत नव्हतं. मी ह्यांना विचारलं, रोजा सुटला नाही अजून? तारे दिसले नाहीत? श्रावणात मुळशीत तारे कुठले, पण विचारलं.

"पावणेआठलाच सुटला," हे म्हणाले. "आता साडेदहा झालेत."

मग खाल्लं का नाही, मी म्हटलं. सगळ्यांनी दादाभाऊजींकडे पाहिलं. ऐंशी ओलांडलेला माणूस, सव्वा दिवस पोटात पाण्याचा थेंब नाही, मांडी मोडून बसलेला. मागून कळलं की ह्यांनी मला हलवायला हात पुढं केला तेव्हा त्यांनी तो धरला होता, आणि दोनदा कुणीतरी चहाचं विचारलं तेव्हा नुसती नकाराची मान हलवली होती.

"मी तुला रोज सात वाजता फोन करून जागं ठेवलं," ते म्हणाले. "आज राखण केली. आता पावावरचा आशीर्वाद तू म्हण, रिव्का. माझ्यासाठी म्हण."

आमच्यात वडीलधारा पुरुष बसलेला असताना पावावरचा आशीर्वाद सुनेनं म्हणायचा नसतो. मी उपरणं बाजूला केलं, पाव हातात घेतला आणि म्हटला, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. सगळे आमेन म्हणाले. मी पाव मोडला आणि पहिला तुकडा दादाभाऊजींच्या हातावर ठेवला.